फोरमनसाहेबांच्या दोन खोल्या

फोरमनसाहेबांसमोर कागद लपवणं अशक्य होतं. त्यांची तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे सरळ अक्षरापेक्षा उलटंच त्यांना लवकर लागायचं. टेबलाच्या पलीकडे उभे राहून ते तुमच्या हातातलं पत्र वाचायचे, आणि तुम्ही दुसऱ्या ओळीवर असताना म्हणायचे, "सासरेबुवांची तब्येत जपा."

आमची पहिली भेट जालन्यात झाली. जिल्हा नवा होता, मी सरकारी कचेरीत नवा कारकून होतो आणि माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात येणार होती. ती छापताना पाहावी म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून छापखान्यात गेलो. फोरमनसाहेबांनी हातातल्या खिळ्यांवरून नजर न उचलता विचारलं, "ते म्हातारीवाले तुम्हीच का?" मी छाती फुगवून हो म्हणालो. "तिसऱ्या पानावर मारली तुम्ही तिला. सातव्या पानावर ती चहा ठेवून राह्यली. काय करू, मारू का ठेवू?" सगळा छापखाना हसला. मी म्हातारीला जिवंत ठेवलं. कथेत दुसरं काही जिवंत नव्हतंच.

लेखकांवर त्यांचा राग जुना होता. मजकूर कधी वेळेवर यायचा नाही, आणि उशिरा येणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे उभा राहून कारण सांगायचा. घर लहान, पोरं दंगा करतात, शेजारचा रेडिओ. "जागा न्हाई म्हणत्यात," फोरमनसाहेब म्हणायचे. "तीस वर्षं एकच ऐकून राह्यलो. एकदा ह्यांना जागा देऊनच पाहायची हाय." एखाद्याला कोर्टात खेचायचं बोलावं, त्या सुरात ते हे बोलायचे. कुणी मनावर घेतलं नाही.

पुढे खिळ्यांचे छापखाने बंद पडले आणि ते गावी परतले. वाटूर फाट्यापासून दीड-दोन किलोमीटरवर त्यांचं शेत. त्यातल्या मुरमाड तुकड्यावर त्यांनी लेखकांना राहून लिहिता यावं म्हणून दोन खोल्या बांधायला काढल्या. आधी, ज्यांचं ज्यांचं लिखाण त्यांनी जुळवलं होतं त्या सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली: "लिहायला काय काय लागतं ते सविस्तर कळवावे. सबब शिल्लक राहू नये."

उत्तरं आली. एका कवीला खिडकीशी कडुनिंब हवा होता. नाटकं लिहिणाऱ्या एका प्राध्यापकाला कमोड हवा होता. सगळ्यात लांब उत्तर माझं. कचेरीतल्या फुलस्केपवर, कचेरीतल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलेलं, सतरा कलमांचं. पूर्वेची खिडकी. न डुगडुगणारं टेबल. कलम अकरा, शाईचा पेन वापरत असल्याने टीपकागद. कलम सतरा, पूर्ण शांतता, कोणी दार वाजवू नये. घरी मी तेव्हा धान्याच्या डब्यावर कागद ठेवून लिहीत होतो. आज ती यादी आठवली की कान तापतात. लग्नात वरपक्षानंसुद्धा इतकं मागू नये.

फोरमनसाहेबांनी सगळं दिलं. त्यांचा मुलगा दत्ता शेती बघायचा, त्याला त्या खोल्या सोयाबीन ठेवायला हव्या होत्या. पण तो भांडला नाही. म्हणाला, "आबा, तीन उन्हाळे घ्या. ह्या खोल्यांतून एक पुस्तक निघू द्या, मंग मी नाव काढणार न्हाई. न्हाई निघालं तर मला द्या." फोरमनसाहेब म्हणाले, "बराबर हाय."

पहिल्या उन्हाळ्यात प्राध्यापक आले. कमोडची तारीफ केली, फाट्यावरच्या हॉटेलात साहित्यावर दोन व्याख्यानं दिली आणि तिसऱ्या दिवशी कुठल्याशा स्पर्धेचे परीक्षक म्हणून निघून गेले. मागोमाग कवी आले. त्यांना कडुनिंबावरच्या पाखरांचा त्रास झाला. "कडुनिंब ह्यांनीच मागितला," फोरमनसाहेब मला जालन्यात भेटले तेव्हा सांगत होते. "तयार झाड बघून त्याच्या बाजूला खोली बांधली मी. त्याच्यावर पाखरं न्हाई बसणार तर काय तहसीलदार बसणार?" दुसऱ्या उन्हाळ्यात तिघं आले, आमरस खाऊन गेले आणि वहीत 'रम्य परिसर' असा अभिप्राय लिहून गेले. तीन माणसांनी मिळून दोन शब्द. त्या खोल्यांतलं तोवरचं सगळं साहित्य तेवढंच.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो. महिन्याची रजा काढून, तीस दिवसांसाठी. फोरमनसाहेब मला घ्यायला लूना घेऊन फाट्यावर आले होते. बॅग पुढे ठेवत म्हणाले, "लेखक, तुम्ही शेवटचे." मग दत्ताला दिलेला शब्द सांगितला. मी लूनावर मागे बसल्या बसल्या म्हणालो, "साहेब, कादंबरी पूर्ण करूनच उठतो." इतक्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

टेबल डुगडुगत नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ऊन पूर्वेच्या खिडकीतून वेळेवर येत होतं. दार कोणी वाजवत नव्हतं. सतरा कलमं माझ्याभोवती हात बांधून उभी होती आणि मला एक ओळ सुचत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी फाट्यावर चहाला जायला लागलो. त्याला मी लोकजीवनाचं निरीक्षण म्हणायचो. एसटी बदलणारी माणसं बघत दोन-दोन तास बसायचो.

संध्याकाळी फोरमनसाहेब यायचे. आत यायचे नाहीत. कलम सतरा. बाहेरच्या दगडावर बसून खिडकीतून एकच शब्द विचारायचे, "किती?"

"पाच पानं."

ते उठून घरी जायचे आणि जेवताना दत्ताला सांगायचे, "आज पाच." हे मला त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं. भाकरी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "रात्री दत्ता म्हणला, आबा, हा तुमचा माणूस कामाचा दिसतो. लई दिवसांनी हसले हो ते." तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. मी त्या संध्याकाळी सात पानं सांगितली.

लिहीत मी होतो, नाही असं नाही. कादंबरीचं मनोगत लिहीत होतो. त्याचे चार खर्डे झाले. अर्पणपत्रिका झाली. शिवाय कादंबरीला पुरस्कार मिळाल्यावर सत्काराला द्यायचं उत्तर झालं. ते फारच विनम्र उतरलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी मी फाट्यावरून परतलो तर फोरमनसाहेब खोलीत. काकूंना बरं नव्हतं म्हणून माठ भरायला ते स्वतः आले होते. माझे कागद बॅगेत कुलपात होते. टेबलावर फक्त टीपकागद होता, माझ्या प्रत्येक ओळीचा उलटा ठसा घेऊन. तो त्यांच्या हातात होता.

"'हा सन्मान माझा नसून माझ्या मातीचा आहे,'" त्यांनी वाचलं. "कोणता सन्मान?"

मी बॅगेचं कुलूप चाचपलं.

"'ज्यांच्या प्रेमळ छायेत ही कादंबरी पूर्ण झाली ते फोरमनसाहेब.' हे चारदा आलंय. कादंबरी कुठंय?"

"मनात पूर्ण आहे," मी म्हणालो. हे वाक्य आजही मला झोपेतून उठवतं.

लेखक कितीही फालतू असला तरी फोरमनसाहेब त्याला अहो-जाहो करायचे. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर आले. "आकडा तू मला सांगितला अन् मी घरी जाऊन पोराला सांगितला. तो जन्मल्यापासून मी त्याच्याशी खोटं बोललो न्हाई. तू माझ्या तोंडानं बोललास."

"अजून अकरा दिवस आहेत, साहेब."

"हायेत ना. पण आता तू खरी पाच पानं लिहिली तरी मी घरी कोणत्या तोंडानं सांगू?"

त्यांनी दत्ताला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. दत्ता जिंकला होता. माझी बॅग उचलून मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसल्यावर म्हणाला, "मी हरायला तयार होतो, साहेब."

त्याच वर्षी एका खोलीची भिंत पाडून ट्रॅक्टर आत जाईल एवढं दार केलं. आणि मी जालन्यात काय सांगत फिरलो? तिथे फार उकडतं, आणि मालक जरा चक्रम आहे. लेखकांच्या चार बैठकींत मी हे सांगितलं आणि चारही ठिकाणी लोकांनी माना डोलावल्या. अशा ठिकाणी लेखकाला नेमकं काय हवं असतं यावर चर्चाही झाली. मी अध्यक्ष होतो. कोणी एकानं उठून माझ्या तोंडात मारायला हवी होती.

कादंबरी शेवटी झाली, दहा-बारा वर्षांनी. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर, टीव्ही चालू, मुलीची दहावीची घोकंपट्टी चालू, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची जबाबदारी माझ्यावर. विषय फाटा, तिथे एसटी बदलणारी माणसं. छापील प्रत घेऊन मी वाटूरला गेलो. फोरमनसाहेबांची नजर गेली होती. सरळ काय अन् उलटं काय, काहीच दिसत नव्हतं. माझा आवाज त्यांनी ओळखला. बसा म्हणाले नाहीत. पुस्तक हातात दिलं तेव्हा ते चाचपून म्हणाले, "वाचून दाखवा."

दोन दिवस मी ओसरीवर बसून वाचलं. दत्ता चहा आणून ठेवायचा आणि दाराशी टेकून ऐकायचा. फोरमनसाहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपलं. मी गप्प बसायला हवं होतं, पण लेखकाला ते कधी जमलंय. विचारलं, "कसं वाटलं, साहेब?"

"चांगलंय," ते म्हणाले. "वाईट असतं तर बरं झालं असतं."

मी पुस्तक मिटलं.

"इतकी वर्षं मी स्वतःला सांगून राह्यलो, ह्या लोकांत काही नव्हतंच. कितीबी जागा दिली असती तरी काही निघालं नसतं. खोल्या गेल्या ते बरं झालं. एवढं एक होतं माझ्याकडं. आज तुम्ही तेबी घेतलं."

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. मी पायात चपला घातल्या, येतो म्हणालो. आमच्याकडे निघणाऱ्याला 'या' म्हणतात. दत्ता म्हणाला. फोरमनसाहेब म्हणाले नाहीत.