कणगीतला स्पीकर

महाडात वीज आली त्या सुमारास आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहत. त्यांच्या ग्रामोफोनला विश्रांती नव्हती. कधी नवी सुई, कधी मुंबईहून मागवलेले, आवाज वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह, तर कधी आधीच्यापेक्षा मोठा स्पीकर. रेकॉर्ड अर्ध्यावर थांबवून ते गंभीरपणे विचारत, "फरक जाणवला?" मला कधीच जाणवला नाही, पण मी दरवेळी हो म्हणे.

एका रविवारी त्यांनी भात साठवायची बांबूची कणगी रिकामी केली आणि तिच्या तोंडावर स्पीकर बसवला. "खर्जाला पोकळी लागते," ते मला म्हणाले. सगळं भात ओसरीवर पसरलं होतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जवळच्याच तुडील गावच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अवो, ह्या भाताचं काय करू? उंदरांना जेवायला घालू?"

कारकुनांनी रेकॉर्ड लावली. वहिनी सूप हातात धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गानारी मधीच दम घेते, त्यो आता ऐकू आला. आधी कधी आला नाय."

कारकुनांचे डोळे भरून आले. रेकॉर्ड त्यांनी प्रथमच शेवटपर्यंत वाजू दिली. मग टोपल्या भरभरून सगळं भात स्वतःच्या पलंगावर नेऊन ओतलं, आणि पुढच्या सुगीपर्यंत ते आनंदाने जमिनीवर झोपले.