प्रजा आणि नागरिक

सुक्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला, की मला दापोडीतली गुरुजींची पुस्तकांनी भरलेली खोली आठवते; कसर लागू नये म्हणून ते प्रत्येक पुस्तकात तो पाला घालायचे. संस्थान विलीन झालं, दरबारातली नोकरी सुटली, तेव्हा गुरुजी तिथे राहायला आले आणि राजेशाहीच कशी बरी यावर एक जाडजूड ग्रंथ लिहीत बसले. मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घराण्यातला पहिला. अक्षर चांगलं म्हणून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत लिहायचं काम त्यांनी मला दिलं. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण माणूस आवडायचा. लिहून झालेली प्रत वाचताना त्यांनी चष्मा काढला. "काय हो पदवीधर, मी 'प्रजा' लिहिलं होतं. तुम्ही जागोजाग 'नागरिक' केलंत!" परीक्षेसाठी घोकलेला शब्द सवयीने उतरला होता आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा मी विचका केला होता. "मुद्दाम नाही केलं, गुरुजी." "मुद्दाम केलं असतंत तर निदान भांडलो असतो," म्हणत ते हसले आणि आम्ही दोघं शब्द खोडत बसलो. रेल्वे गेली की टेबल थरथरायचं, आम्ही टाक उचलून थांबायचो. शेवटच्या पानावर मात्र त्यांनी माझा हात धरला. वाक्य होतं, 'राजा चुकला तर त्याला तोंडावर सांगणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे.' "हा राहू दे," ते हळूच म्हणाले, "प्रजेला एवढं धाडस व्हायचं नाही." ग्रंथ काही छापला गेला नाही. प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यातला पाला मी दरवर्षी बदलतो.