मुरलीचं मशीन

अनंतकृष्णांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साडेसातच्या पाळीला ते सातलाच गिंडीच्या कारखान्यात हजर. तिथल्या लोखंड कातायच्या जुन्या लेथवर त्यांचा एकतीस वर्षांचा हात. घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. बोलणं दोन्हीकडे बेताचंच.

मुलगी सहाना बी.एड.ला होती. वेलचेरीच्या शाळेत सरावाला जायची. सहावीच्या मुलांकडून तिला 'माझी माणसं' या विषयावर छोट्या फिल्म करून घ्यायच्या होत्या. फोटो लावायचे, मागे स्वतःचा आवाज. नमुन्याला आधी स्वतःची दाखवायची.

"अप्पा, कामावरचा फोटो आणा."

लेथ तेलानं काळा पडलेला. अनंतकृष्ण इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि जेवणाच्या सुटीत संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनपुढे उभे राहिले. ते मशीन त्यांच्याच पाळीतला मुरली चालवायचा. यांना ते सुरूही करता येत नव्हतं.

"हे तुम्ही चालवता?" सहानानं फोटो बघून विचारलं.

"नाही तर काय तुझे आजोबा?"

आठवड्यानं ती शाळेतून आली. जेवताना बोलली.

"वर्गात शरण्या आहे. तिचे वडील मुरली, तुमच्याच कारखान्यात. तिनंही तेच मशीन दाखवलं. पोरं म्हणाली, टीचरच्या अप्पांचं मशीन चोरलंस. तिनं फिल्म पुसून टाकली. आता तोंड उघडत नाही."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? मशीन कुणाचं, ते तुम्हीच सांगा."

सूतभर चुकलेला नग त्यांनी आजवर कधी चांगल्या ढिगात सरकवला नव्हता. हा सरकवला होता, तोही पोरीच्या हातून.

दुसऱ्या दिवशी मुरलीनं रोजच्यासारखा कॉफीचा पेला पुढे केला. "अण्णा, पोरगी शाळेत जायला रडते. कारण सांगत नाही."

अनंतकृष्णांनी पेला न घेता सगळं सांगितलं. मुरलीनं पेला खाली ठेवला.

"मला सांगून काय उपयोग अण्णा? तिला सांगा."

गुरुवारी ते कामाच्या कपड्यांत सहानाच्या वर्गापुढे उभे राहिले. "ते मशीन शरण्याच्या वडिलांचं. मला चालवता येत नाही. खोटं मी बोललो, शरण्या नाही."

"मग फोटो तिथं का काढला?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"माझं मशीन काळं आहे. लाज वाटली."

कुणी हसलं नाही. शरण्यानं मान वर केली नाही, पण टीचरकडे फोन मागितला आणि फिल्मचा आवाज पहिल्यापासून भरायला बसली.

कारखान्यात त्या दिवसाचा खाडा लागला, त्यांचा पहिलाच. दिवसाची मजुरी गेली ती वर्गात पाच मिनिटं उभं राहण्यासाठी.