मोजलेली कोहळी

आमच्या गावात शाळा नव्हती. होती ती नाल्यापलीकडच्या गावात, आणि पावसाळाभर नाला लहान लेकरांना पलीकडे जाऊ देत नसे. म्हणून माझी शाळा घरामागच्या वाडीत भरायची. मास्तरीण माझी माय. ती चौथी शिकलेली होती आणि आमच्या वस्तीत तेव्हा चौथी शिकलेली बाई म्हणजे मोठीच गोष्ट. पाटी एकच, तीही फुटकी. बाकी सगळं सामान वेलावर. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. त्याचा वेल वाडीभर पसरून गोठ्याच्या छपरावरच्या कवेलूंवर चढला होता. वाळलेल्या बियांची बेरीज करायची, सुतळीने घेर मोजून कोणतं फळ मोठं ते सांगायचं, राखेत काडीने ‘क’ गिरवायचा, असा माझा अभ्यास. मला शिकण्याचा कंटाळा नव्हता, एका जागी बसण्याचा होता, त्यामुळे ही शाळा मला मानवली.

त्या वर्षी वेलाला कोवळी फळं धरली तेव्हा माय म्हणाली, “मोज बरं. एकेकाले बोट लावून मोज.”

मी मागे सरकले. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे आमच्याकडे लेकरू नीट बोलायला लागायच्या आधी शिकतं. दाखवायचंच असेल तर मूठ करून दाखवायचं. चुकून बोट गेलंच तर ते दाताखाली चावायचं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. ती ओट्यावर बरबटीच्या शेंगा सोलत बसली होती.

“काय शिकवून राह्यली वं लेकराले?” ती म्हणाली. “सारं सडन ना.”

“बाई, ते सारं सोडलं ना आपण,” माय म्हणाली.

ते खरंच होतं. आदल्या वर्षी बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. देव्हाऱ्यातले देव नदीत गेले, अंगारे गेले, नवस गेले. याबाबतीत माय बाबांपेक्षाही कडक. तिने माझी मूठ उघडली, बोट सरळ केलं आणि एकेका फळावर टेकवलं. कुंपणापर्यंत मोजून झाल्यावर ती हसली, तेच बोट आपल्या पोटावर ठेवून म्हणाली, “आन हे एक. आता किती झाले?”

मायला दिवस गेले होते. माझ्या पाठचा भाऊ पाळण्यातच गेला होता, त्यानंतर घरात आता पहिल्यांदाच कोणी येणार होतं. मी उत्तर बरोबर दिलं. शाबासकीही मिळाली.

थोड्याच दिवसांत कुंपणाजवळचं एक कोहळं देठाशी पिवळं पडलं. मग त्याच्या शेजारचं. मी हात लावला तर बोट आत गेलं. आत्याने ते पाहिलं, माझ्या बोटाकडे एक नजर टाकली आणि पुन्हा कामाला लागली.

मायने त्याचाही धडा केला. विळ्याने सडकं फळ कापून आतल्या पांढऱ्या अळ्या मला दाखवल्या. “माशीनं अंडे घातले याच्यात. तुह्या बोटातून निघाले का हे?” मग मादीफूल कोणतं, नरफूल कोणतं, एकाचा पराग दुसऱ्याला लागला नाही तर फळ कसं गळून पडतं, सगळं समजावलं. मला ते समजलंही. पण गोठ्यावर चढलेली कोहळी मी मोजली नव्हती, तिथवर माझं बोट पोचलंच नव्हतं, आणि ती सगळी धडधाकट होती. हे मी मायला सांगितलं.

“तिथं वर ऊन लागते. खाली ओल हाय,” ती म्हणाली.

तिच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं, आणि मला त्याचा राग यायचा. तोंड न धुता मी सकाळी आधी वेलाकडे पळायची. आणखी एक पिवळं दिसलं की घरात येऊन मायकडे बघत राहायची. ती कंबर धरून बसली की मी ते बोट मुठीत लपवायची. जेवताना ते बोट मी घासाला लावत नसे. ते कापून टाकावं असंसुद्धा एकदा मनात आलं, पण विळ्याची भीती वाटली.

शेवटी न राहवून मी विचारलं, “माय, बाळबी सडते का?”

ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. “नाई,” ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. या वेळी तिने काही समजावलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी मायला कळा सुरू झाल्या. आत्याने सुईणीला आत घेतलं, मला वाडीत पाठवलं आणि दार लावलं. मायचं ओरडणं कुडाच्या भिंतीतून ऐकू येत होतं. मध्येच ते थांबलं, तेव्हा सगळं संपलं असं समजून मी बोट दाताखाली घेतलं आणि रक्ताची चव लागेपर्यंत चावलं. मग बाळ रडलं.

भाऊ झाला होता. सुईण मला आत घेऊन गेली. मी घरीच शिकते हे गावभर ठाऊक होतं. ती थट्टेनं म्हणाली, “तू त सारं मोजते म्हणे. मोज बरं भावाच्या हाताचे बोटं, हायेत का बराबर?”

मी मायकडे पाहिलं. ती आता ‘मोज, काई होत नाई’ म्हणेल, माझं बोट धरून त्या इवल्या हातावर टेकवेल आणि माझी भीती कायमची जाईल, याची मी वाट पाहत होते. मी बोट पुढे केलं.

मायने ते मध्येच पकडलं, आत दुमडलं आणि माझी मूठ आपल्या मुठीत घट्ट दाबून धरली.

“याले नको मोजू,” ती म्हणाली.

इतके दिवस त्या घरात भिणारी मी एकटीच आहे, असं मी समजत होते.