केरीच्या खाडीतली वाचलेली कालवं

गोव्यात येणारे लोक मला किनाऱ्यावरच्या खुर्च्यांचे फोटो पाठवतात. खुर्ची बघायला माणूस इतक्या लांब का येतो, देव जाणे. मी डिचोलीहून पेडण्याला निघाले ती कालवं बघायला.

माझी भाची रजनी, मावसबहीण शालनची मुलगी, कालवांवर संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात पाणी तापलं, रोग आला आणि केरीच्या खाडीत तिने जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेली जवळजवळ सगळी कालवं मेली. मूठभर वाचली. "मावशी, कालवात आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात," ती फोनवर म्हणाली. "रक्तातल्या पेशी जंतू गिळतात आणि काही जनुकं चालू झाली की जंतू मारणारी प्रथिनं बनतात. उशिरा चालू झाली तर कालव मरतं. वेळेवर बंद झाली नाहीत तरी झिजून मरतं. ह्या वाचलेल्यांना ती वेळ साधली असावी. ह्यांची पिल्लं काढून बघायचंय, हा गुण पुढे जातो का. ये ना बघायला!"

आमच्या गल्लीत 'इम्युनिटी'चा काढा विकणाऱ्या बाईंना हे ऐकवायची फार इच्छा झाली. त्यांचं एकच शास्त्र, वाढवा!

डिचोलीहून म्हापशाला सतत बस असते. म्हापशात उतरून उंडो, म्हणजे इथला गोल पाव, आणि पातळभाजी खाऊन घ्या, स्वस्त आणि गरम. इथेच कॉन्व्हेंटमध्ये शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर खडूने शिंपला इतका सुंदर काढत, की फळा पुसणारी मुलगी रडवेली व्हायची. आता शाळेसमोर दुकानांच्या पाट्याच दिसतात. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. एके काळी इथे काजूचा वास यायचा. आता डोंगर कापून 'निसर्गाच्या कुशीत' बंगले विकतात. कूस कापल्यावर कुशीत कोण झोपणार?

केरीत शालन दारातच उभी होती. रजनी पेडण्याला कामाला गेली होती, जेवायला येणार होती.

"पयली जेव गो, मगे खाडी बघ," म्हणत शालनने कालवांचं सुकं वाढलं. खोबरं, तिरफळ आणि मोठमोठी, भरलेली कालवं. मी दोनदा मागून घेतलं.

"खंयची गो इतकी बरी?"

"आमचीच. चेडवाच्या, रजनीच्या पिंजऱ्यातली. बाजारात असली गावनत नाय."

माझा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात रजनी आली. तिने ताट पाहिलं, मग परसात गेली आणि शिंपल्यांचा ढीग उपसू लागली.

"आई, वाचलेली काढलीस?"

"मगे काय मेल्ली काडू? पावणी इल्या घरात! बारकी ठेवल्यात तुका."

"बारकी बहुतेक नर असतात, आई! मोठी झाल्यावर माद्या होतात. अंडी घालणारीच शिजवलीस तू."

"माका काय ठावक, ती आधी दादले आनी मगे बायलो!"

हसू कुणालाच आलं नाही. पाहुण्याला सगळ्यात चांगलं तेच वाढायचं, ही आमच्याकडची रीत. रोगाला पुरून उरलेली कालवं त्या रीतीपुढे सकाळीच हरली होती. बंगलेवाल्यांवर नाक मुरडणारी मी तीन वाढण्या रिचवून बसले होते.

संध्याकाळी रजनीने मला खाडीवर नेलं. पिंजऱ्यात नखाएवढी कालवं उरली होती. "ह्यातली काही पुढे माद्या होतील," ती म्हणाली. "तोवर जगली पाहिजेत." पलीकडच्या काठावर पर्यटक लिंबू पिळून परदेशी कालवं खात होते. त्या दिवशी त्यांना नावं ठेवायची सोय राहिली नव्हती.

केरीला जरूर जा. खाडी अजून सुंदर आहे, तेरेखोलच्या बाजूला ऊन उतरताना तर फारच. शालनकडे जेवण उत्तम मिळेल, पण शाकाहारी आहोत म्हणून सांगा.

घरी परतल्यावर मी रजनीला फोन केला. कालवं जगली आहेत, वाढताहेत. पिंजरा मात्र तिने दुसरीकडे हलवलाय. कुठे ते आईला सांगितलेलं नाही.

मलाही नाही.