बिनटिंबी बाईंचे नवे हेडफोन

“परत करून टाक म्हटलं ना! हेडफोनचं खोकं अजून कपाटावरच आहे,” बाईंचा नवरा म्हणाला.

“परत कशाला, बाबा? तुमच्या जावयांनी चार दुकानं पालथी घालून आणलेत,” मुलगी म्हणाली. “आई, तू गाणं लावून बघ. कसलं दणाणतं!”

“गाण्यांचं मला काय करायचंय? मला माणसं ऐकायची आहेत.”

“म्हणजे वस्तू चांगली आहे. दोष कानांत आहे,” नवऱ्याने निकाल दिला. “वय झालं की व्हायचंच. मान्य करायला काय जातंय?”

“माझं यंत्र दे तिला,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचं कानाचं यंत्र कित्येक वर्षं खणात जुन्या चष्म्याशेजारी झोपलेलं. आपल्याला नको ते ऐकू येतं म्हणून त्यांनी ते कधीच वापरलं नव्हतं.

बाईंनी हेडफोन उचलले आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

बाई घरी बसून टाइप करायचं काम करत. एका कचेरीत घरमालक आणि भाडेकरूंच्या भांडणांची सुनावणी चाले. तिचं रेकॉर्डिंग घरी येई आणि बाई ते ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवत. टेबलाखाली एक पट्टी होती. ती पायाने दाबली की आवाज चालू, सोडली की बंद. इतक्या वर्षांत ती सवय अशी अंगात मुरली होती, की जेवताना कुणी भराभरा बोलायला लागलं तर बाईंचा उजवा पाय आपोआप वर उचलला जाई.

या कामात जो शब्द कळला नाही, त्याच्या जागी टिंबं द्यायची असतात. इतरांच्या पानांवर टिंबांची मुंग्यांसारखी रांग लागलेली असे. बाईंच्या पानांवर शोधूनही सापडत नसत. कचेरीत त्यांना सगळे ‘बिनटिंबी बाई’ म्हणत, तोंडावरसुद्धा. बाईंना ते आवडे.

मग जुन्या हेडफोनची वायर गेली. तिला चिकटपट्टी लावून लावून शेवटी चिकटपट्टीच उरली होती. जावयांनी बिनवायरचे आणून दिले, आणि त्यांवर केलेलं पहिलंच काम परत आलं. पानोपानी टिंबं. कचेरीतल्या वरिष्ठ बाईंचा फोन आला, “बाई, बऱ्या आहात ना? पुढचंही असंच आलं, तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हो.” पुढचं रेकॉर्डिंग टेबलावर पडलं होतं. सोमवारी द्यायचं होतं.

बाईंनी ते पुन्हा लावलं. माणूस माठात तोंड घालून बोलत असल्यासारखा आवाज. घुमत होता भरपूर, पण शब्दाला कडा म्हणून नव्हत्या. आवाज वाढवला तर घुमणंच तेवढं वाढलं.

मुलीने फोनवर हेडफोनचं अॅप उघडून दिलं. त्यात इक्वलायझर होता. उभ्या दांड्या, त्यांवर सरकणारे गोल ठिपके. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. जावयांनी स्वतःच्या आवडीने डावीकडचे ठिपके पार टोकाला नेऊन ठेवले होते.

“सगळेच वर कर, आई. म्हणजे सगळंच नीट ऐकू येईल.”

सगळे वर केले. आता माठ होता आणि त्यात कुणी पत्राही बडवत होतं. त्या घरात कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध होतं. सासूबाईंना बातम्या ऐकू आल्या नाहीत, टीव्ही वाढव. टीव्हीमुळे मुलीचं तान्हं बाळ उठलं, पाळण्यावरचं खेळणं मोठ्याने वाजव. कमी करून बघावं, असं कुणाच्या डोक्यातच येत नसे.

बाईंच्या आलं. पण अनोळखी साक्षीदाराचं बोलणं ऐकून ठिपका बरोबर जागी बसला की नाही, हे कसं कळणार? त्यासाठी तोंडपाठ असलेला आवाज हवा. बाई बाहेर आल्या.

“अहो, जरा पेपर वाचून दाखवा. मोठ्याने.”

नवऱ्याला असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि सभेपुढे उभं राहिल्यासारखा वाचू लागला. बाईंनी रेकॉर्डिंग चालू करून फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तेवढ्यात आतून बाळ रडलं. बाई त्याला घ्यायला गेल्या. त्याचं दुपटं बदलून, त्याला थोपटून, झोपवून आल्या तेव्हा वाचन कधीच संपलं होतं आणि फोन बिचारा अजून ऐकतच होता.

बाईंनी ते रेकॉर्डिंग संगणकावर घेतलं आणि सगळी दुपार त्या एका बातमीवर काढली. एका वेळी एकच ठिपका हलवायचा आणि तेच वाक्य पुन्हा ऐकायचं. डावीकडचा पहिला खाली आणला, माठ फुटला. शेजारचाही थोडा उतरवला. उजवीकडच्या दांड्यांपैकी एक हळूच वर केली, तसे ट, त, प, च निवडलेल्या दाण्यांसारखे वेगळे झाले. हाव सुटून आणखी वर केली, तर प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचायला लागला. ती मागे घेतली. अगदी टोकाची दांडीही किंचित उतरवली. एवढं कमी केल्यावर आवाज लहान झाला, तो शेवटी जरासा वाढवला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं बोलणं बाईंनी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

बातमी संपली. पाय पट्टीवरच होता, रेकॉर्डिंग पुढे जात राहिलं. खुर्ची सरकली. मग लांबून, पहिल्यांदा लावलं तेव्हा नुसती गुणगुण वाटली होती तिथून, शब्द आले.

“बाबा, आईला सांगायचं कधी? माझी रजा संपत आली.”

“आपण काही सांगायचंच नाही. आपण नुसतं कानांचं म्हणत राहायचं. ती आपणहून काम सोडेल.”

“पण तिला खरंच कमी ऐकू येतं का हो?”

“कोण जाणे. पण निमित्त आयतं चालून आलंय. बाळाला काय परक्याच्या हाती द्यायचं? आई घरीच तर असते.”

बाईंचा पाय वर उचलला गेला. मग त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन सगळं पुन्हा ऐकलं, एखादा शब्द निसटला तर नाही ना, एवढं बघायला. निसटला नव्हता.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. परत आलेलं काम उघडलं आणि टिंबं भरायला घेतली. ते झाल्यावर सोमवारचं. त्यात एका जागी टिंबं तशीच ठेवावी लागली. तिथे साक्षीदारच शिंकला होता.

जेवायला बसल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय मग, कानांचं पटलं का?”

“खुर्ची सरकल्याचा आवाज,” बाई म्हणाल्या. “मुलगी: बाबा, आईला सांगायचं कधी? माझी रजा संपत आली. वडील: आपण काही सांगायचंच नाही...”

शेवटच्या वाक्यापर्यंत त्या एका सुरात म्हणत गेल्या, कचेरीत साक्ष वाचून दाखवतात तसं.

“चोरून ऐकतेस?” नवरा म्हणाला.

“फोन तुमच्या नाकासमोर होता. वाचत तुम्हीच होतात.”

“आई, अगं, तसं नव्हतं म्हणायचं...”

“तसंच होतं. शब्द सगळे आलेत.”

“काय म्हणाली ती?” सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी सगळ्यांना वाढलं, मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि म्हणाल्या, “काम मी सोडणार नाही. सोमवारपासून दहा ते पाच माझं दार बंद असेल. त्या वेळात बाळाला कोण बघणार, ते तुम्ही बाप-लेकीने ठरवा. जावयांनाही विचारा. पाचनंतर मी घेईन त्याला. आणि माझ्या फोनमधल्या दांड्यांना कुणी हात लावायचा नाही.”