शीतलने एकच सुख लिहिलं

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

परवा सातवीच्या वर्गात मी 'काउंट युअर ब्लेसिंग्ज' हा वाक्प्रचार शिकवला. आपल्या वाट्याला आलेलं सुख मोजा, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी दिवा लावल्यावर आई आम्हा बहिणींकडून हेच करून घ्यायची. म्हणून मुलांना पाच सुखं लिहून आणायला सांगितली.

शीतलने एकच लिहिलं: 'यंदा आजी घरी थांबणार, म्हणून मी ऊसतोडीला जाणार नाही.' मी लाल पेनाने शेरा दिला, 'एवढंच? नीट विचार कर.'

आज दुपारी ती गाठोडं घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता.

"आजीला आत्याच्या बाळंतपणाला जावं लागलं, मॅडम. मला एकटीला घरी कोन ठिवील? वही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आल्यावर बाकीची चार लिव्हते."

मी 'बरं' म्हणाले.

ताईच्या लग्नापासून आमच्या घरातली एक खोली रिकामी आहे. ती मला ट्रॅक्टर गेल्यावर आठवली.

शीतलच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे. आता फोन करून पोरीला माझ्याकडे ठेवा म्हणाले, तर त्यांना राग येईल का?